दिवसभर उभ्या पायांसाठी

जपानमधल्या वृद्धाश्रमात काम करताना शिकलेली एक गोष्ट मी लगेच स्वतःच्या घरी सुरू केली, ती म्हणजे पाय शेकणं. इथे त्याला ‘सोकुयोकु’ म्हणतात. ज्या आजी-आजोबांना पूर्ण आंघोळ झेपत नाही, त्यांचे नुसते पाय गरम पाण्यात ठेवून धुतात.

हे काम घाईत उरकत नाहीत. पाणी साधारण ४० अंश. थर्मामीटरने मोजलं तरी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघतातच. पाणी घोट्याच्या वर यायला हवं, म्हणून परातीपेक्षा बादली बरी. दहा-पंधरा मिनिटं पुरे. मध्येच पाणी निवलं तर आधी पाय बाहेर, मग गरम पाण्याची भर, मग हात फिरवून बघणं आणि नंतरच पाय आत. शेवटी बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करायच्या. ओल राहिली की तिथे बुरशी धरते.

बघता बघता चेहरा सैल होतो. एरवी गप्प असणाऱ्या आजी तेवढ्या वेळात बोलायला लागतात!

पाण्यात काय घालायचं, असं फोनवर सगळे विचारतात. मीठ घाला हवं तर, पण खरा आराम उबेचा असतो. पायातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त नीट खेळतं, पायांवाटे शरीराची उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते. म्हणून मी शिफ्टवरून आले की लगेच नाही, तर झोपायच्या तासभर आधी पाय बुडवते.

या देशाला पाय शेकण्याचं वेडच आहे. नागानोतल्या कामिसुवा स्टेशनच्या फलाटावर पाय बुडवून बसायची सोय आहे. नागासाकीतल्या ओबामा गावात समुद्राकाठी गरम झऱ्याच्या पाण्याचा १०५ मीटर लांबीचा हौद आहे. अनोळखी माणसं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून शेजारी शेजारी बसतात, मला फार आवडतं ते.

फक्त घरात कुणाला मधुमेह असेल तर थांबा. पायाची संवेदना कमी झालेली असली तर चटका कळत नाही आणि झालेली जखम लवकर भरत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांचे पाय बुडवू नका. कोमट ओल्या फडक्याने पुसा, कोरडे करा आणि तळवे रोज उजेडात नीट बघा. टाचेची भेग, बोटामागचा फोड त्यांना स्वतःला दिसत नाही.