आईबाबांना घेऊन ग्रेट ओशन रोड: कॅरव्हॅन पार्कातला मुक्काम

मेलबर्नला भारतातून आईबाबा आले की समुद्राकाठचा ग्रेट ओशन रोड ठरलेलाच. बहुतेक जण तो एका दिवसात उरकतात आणि वयस्कर माणसांचा वळणावळणांच्या रस्त्यावर पार पिट्टा पडतो. आम्ही याच रस्त्यावरच्या अपोलो बे गावात कॅरव्हॅन पार्कात, म्हणजे तंबू, फिरती घरं आणि छोट्या केबिन असलेल्या मुक्कामाच्या जागी, राहिलो. मेलबर्नहून टॉर्की, लॉर्नमार्गे न थांबता साधारण तीन तास लागतात, पण थांबाच. ईस्टर्न व्ह्यूच्या कमानीपाशी बाबा बराच वेळ रेंगाळले. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, युद्धात कामी आलेल्या आपल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ हा रस्ता बांधला. पुढे केनेट रिव्हरला निलगिरीच्या झाडांवर कोआला दिसतात. मान वर करून शांतपणे शोधावे लागतात.

आता राहण्याविषयी. कॅरव्हॅन पार्क म्हटलं तरी स्वतःची कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) असायलाच हवी असं नाही. तंबूसाठी वीज नसलेली जागा सर्वांत स्वस्त. मोटरहोम (आतच राहायची सोय असलेली गाडी) भाड्याने घेतली असेल तर पॉवर्ड साइट घ्या. तिथे विजेचा खांब आणि पाण्याचा नळ मिळतो. त्यासाठी १५ अँपिअरची केबल लागते, घरातली साधी एक्स्टेन्शन चालत नाही. गाडी ताब्यात घेतानाच ती आत आहे ना, ते बघून घ्या. गाडीतल्या टॉयलेटची टाकी फक्त डंप पॉइंटवर, म्हणजे त्यासाठी ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करायची.

आईबाबा सोबत असतील तर मात्र केबिनच, आणि तीही आत बाथरूम असलेली. स्वस्त केबिन घेतली तर रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला समुद्राच्या गार वाऱ्यात सामायिक स्वच्छतागृहापर्यंत चालत जावं लागतं. दिवसा ही स्वच्छतागृहं उत्तम असतात, गरम पाणी भरपूर असतं. पण पहाटे तीनला सत्तरीच्या माणसाला तिकडे पाठवू नये. बुकिंग करताना फोनवर तीन गोष्टी विचारा: दाराशी पायऱ्या किती, हीटर आहे का, आणि चादरी-टॉवेल धरून भाडं आहे का. बऱ्याच ठिकाणी उशा आणि पांघरूण देतात, चादरी आपल्या आपण न्याव्या लागतात. दोन बेडरूमच्या केबिनमध्ये दुसऱ्या खोलीत बहुधा बंक बेड असतात. ती खोली नातवंडांची.

मला सर्वांत आवडतं ते कॅम्प किचन, म्हणजे पार्कातलं सगळ्यांचं सामायिक स्वयंपाकघर. केबिनमध्ये छोटा ओटा असतोच, पण फोडणी द्यायची तर या मोकळ्या स्वयंपाकघरात. बंद केबिनमध्ये हिंग-मोहरीचा धूर झाला की स्मोक अलार्म वाजतो. कॅम्प किचनमध्ये शेगडी, मायक्रोवेव्ह, फ्रिज, सिंक आणि बार्बेक्यूचा सपाट तवा असतो. त्या तव्यावर सगळे मांस भाजतात, म्हणून शाकाहारी असाल तर आपला तवा आणि उलथनं बरोबर ठेवा. आईने तिथे थालीपीठं लावली तेव्हा शेजारच्या तंबूतल्या आजी पीठ कशाचं म्हणून विचारायला आल्या. आईचं इंग्रजी तोडकं, तरी भाजणीची अख्खी कृती त्यांना समजली! मोटेलच्या खोलीत असा शेजार मिळत नाही.

फ्रिजमधल्या डब्यांवर नाव आणि साइट नंबर लिहा. कपडे धुवायला एक-दोन डॉलरची नाणी जवळ असू द्या. रात्री दहानंतर आवाज बंद ठेवा, गप्पा आत हलवा. उन्हाळ्यात टोटल फायर बॅन (उघड्यावर आग पेटवण्यावर बंदी) जाहीर झाला तर उघड्यावर शेकोटी चालत नाही, त्याला दंड आहे.

नाताळ ते जानेवारीअखेर आणि ईस्टरला पार्कं भरलेली असतात, भाडं चढतं आणि किमान काही रात्रींची अट असते. शाळा सुरू असतानाचा मार्च किंवा नोव्हेंबर बघा.

ट्वेल्व्ह अपोसल्स हे समुद्रातले उंच खडकांचे सुळके अपोलो बेहून सुमारे सव्वा तासावर आहेत. तिथून थेट मेलबर्नला परतायचं असेल तर किनाऱ्याच्या रस्त्याने मागे येऊ नका, कोलॅकमार्गे प्रिन्सेस हायवे धरा. आणि उजेड असताना निघा. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात.