आर्यनच्या वाहनतळापासून खरी कॉर्नरपर्यंत

पुण्याहून कोल्हापूर म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, सरळ महामार्गाने चार-साडेचार तासांचं काम. पण डिसेंबर-जानेवारीत मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन निघणार असाल, तर याच वाटेला तीन दिवस द्या. संग्रहालयं आणि मराठी सिनेमाच्या जागा या रस्त्यावर एकमेकींत गुंतलेल्या आहेत, कारण आपला सिनेमा उभा केला तो आधी चित्रकार असलेल्या माणसांनी. चित्रं पाहिली की स्टुडिओ समजतात, म्हणून क्रमही तसाच ठेवला आहे.

निघायचा वार शुक्रवार. कारण साधं आहे: सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. शनिवारी निघून सोमवार कोल्हापूरसाठी ठेवला, तर तिथल्या टाउन हॉल संग्रहालयाच्या बंद दारावरून परत फिरावं लागतं. ही चूक फार जण करतात.

शुक्रवारी सकाळी पहिला थांबा राजा दिनकर केळकर संग्रहालय. बाजीराव रस्त्याच्या आजूबाजूला गाडी लावायला जागा शोधत फिरू नका. मंडईतल्या आर्यन वाहनतळावर गाडी लावा आणि चालत जा. हा वाहनतळ जिथे आहे तिथे पूर्वी आर्यन थिएटर होतं. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट 1920 साली पुण्यात लागला तो याच थिएटरात. मुलांना हे गाडीतून उतरतानाच सांगून ठेवा, रविवारी उपयोगी पडेल.

संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, पण मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. दोन तास पुरतात. मुलं सोबत असतील तर दिवे, अडकित्ते आणि वाद्यं निवांत दाखवा, मस्तानी महाल चुकवू नका, बाकी दालनांतून चालत पुढे व्हा. सगळं बघायचा हट्ट धरला की तिसऱ्या दालनात लहानांचे पाय दुखू लागतात आणि उरलेला दिवस चिडचिडीत जातो.

लॉ कॉलेज रस्त्यावरची प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओची जागा म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट. ती शिकण्याची जागा आहे, सहलीची नाही. आत जायचं तर आधी लिहून परवानगी घ्या. नाही मिळाली तर प्रभात रोडवरून एक फेरी मारा, त्या रस्त्याला नावच कंपनीमुळे मिळालं.

दुपारी जेवून निघा. खंबाटकी घाट उतरला की सुरूरला वळून वाई, रात्रीचा मुक्काम तिथेच. सकाळी थंडी कडक असते, स्वेटर-कानटोपी वरच्या पिशवीत ठेवा.

शनिवारी उजाडल्यावर मेणवली, वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट. ‘स्वदेस’मधलं चरणपूर म्हणून जे गाव दिसतं, ते उत्तर प्रदेशातलं नाही, हे. घाटाजवळची मोठी घंटा जरूर पाहा. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर ती इकडे आली. तिच्यावर 1707 हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरीसुद्धा. धोम धरणातून पाणी सोडलेलं असेल तर खालच्या पायऱ्या बुडतात. पाणी ओसरलं तरी शेवाळ राहतं आणि पाय घसरतो तो तिथेच. मुलांचा हात सोडू नका. वाडा खासगी आहे, विचारूनच आत जा.

नऊ-साडेनऊला निघा. पाचवडला महामार्ग धरा, आनेवाडीचा टोल लागेल, मग साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंध. या सहलीत वेळेची काटकसर कुठेही करा, इथे नको. यमाई देवीच्या मूळपीठाच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत श्री भवानी संग्रहालय आहे, वरपर्यंत गाडी जाते. 1938 साली ते उभं केलं औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे ते हेच, आणि स्वतः चित्रकार. रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, बंगाली शैलीची चित्रं आहेत, आणि एवढ्याशा गावात हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्प आहे! निदान दोन तास ठेवा.

सिनेमाचा धागा इथेही आहे. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत वसवली. ‘दो आँखें बारह हाथ’ त्या प्रयोगावर बेतलेला आहे. कथा गदिमांची, आणि ते माडगूळचे, म्हणजे त्याच संस्थानातले. स्वतंत्रपूर या वाटेवर नाही, त्याच दिवशी गाठायचा अट्टहास करू नका. पौषात यमाईची यात्रा भरते, ते दिवस टाळा, डोंगराच्या रस्त्यावर गाडी हलत नाही.

औंध तीनच्या आत सोडा. पुसेसावळीवरून कराडला महामार्गावर आलात की तासवडेचा टोल मागे राहतो, फक्त किणीचा लागतो. घाई अंधाराची आहे. हा उसाचा हंगाम. ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांनी, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर झाकले जातात, त्यामुळे समोर ट्रॉली आहे हे अगदी जवळ गेल्यावर कळतं. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ओलांडताना मागची ट्रॉली झोके घेते, एका गाडीएवढी जागा सोडा. बैलगाड्यांना तर दिवाच नसतो. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याआधी कोल्हापुरात शिरा.

रविवारी सकाळी आधी टाउन हॉल. ब्रह्मपुरीच्या उत्खननातला ब्राँझचा पोसायडन मुद्दाम शोधून पाहा. ग्रीकांच्या समुद्रदेवाची ही रोमन काळातली मूर्ती पंचगंगेच्या काठी सापडली, यावरून व्यापार केवढा लांबचा होता हे मुलांनाही कळतं. मग नवा राजवाडा, आत फोटो काढू देत नाहीत, मोबाइल आधीच खिशात ठेवा. जेवायला मुलांना पांढरा रस्सा द्या, तांबडा मोठ्यांनी घ्यावा. दुपारी राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे संग्रहालय. पडद्यावरचा हा नट चित्रकार म्हणून किती ताकदीचा होता, ते तिथे दिसतं. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ बाहेरूनच पाहा.

शेवटी खरी कॉर्नर. गाडी बिंदू चौकाकडे कुठेतरी लावून चालत या, इथे थांबायला जागा नाही. रहदारीच्या मधोमध कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची खूण. ‘सैरंध्री’ या कंपनीची. दामले, फत्तेलाल, शांताराम याच कंपनीत तयार झाले, 1929 साली बाहेर पडून त्यांनी कोल्हापुरातच प्रभात काढली आणि 1933 मध्ये ती पुण्याला नेली. शुक्रवारी गाडी कुठे लावली होती, ते मुलांना इथे विचारा.