गच्चीवर काळी माती चढवण्याआधी

श्टुटगार्टमधल्या हिरव्या, म्हणजे वर झाडं लावलेल्या छपरांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि नाशिकच्या इंदिरानगरमधल्या मामांचा फोन आलाच. "दोन ट्रॉल्या काळी माती चढवतो गच्चीवर. झालं तुझं जर्मनी!"

मामा, तसं नाही होत. इथल्या छपरावर माती अशी नसतेच. आमच्या सोसायटीच्या सायकल-शेडवर काम चाललं होतं तेव्हा मी त्या पोत्यात हात घालून पाहिला. तांबडा वीटचुरा, कौलांच्या खापऱ्या, प्युमिस म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड आणि नावाला कंपोस्ट. मुठीत खडखडतं, बोटं लाल होतात. कंपोस्ट मुद्दाम कमी, कारण ते कुजून थर खाली बसतो. वीट मात्र पाणी धरते आणि जास्तीचं खाली सोडून देते.

असा आठ सेंटिमीटरचा थर चिंब भिजला तरी चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास भरतो. तुमची काळी माती वीतभर टाकली तर श्रावणात तीनशेच्या वर जाईल. आपल्याकडे वापरत्या गच्चीसाठी 150 किलोचा भार धरतात, आणि तोही माणसं-सामानासाठी! त्यामुळे वीटचुरा टाकायचा असला तरी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, गवंड्याला नव्हे.

वीटचुऱ्याला नाशिकमध्ये काय तोटा? पंचवटीत जुना वाडा पाडला की विटा-कौलांचा राडारोडा भरावाला जातो. फक्त सिमेंटचा गिलावा वेगळा काढायला हवा, नाहीतर मिश्रण अल्कधर्मी होतं आणि रोपं पिवळी पडतात.

चुऱ्याखाली गाळणीचं कापड, त्याखाली निचऱ्याचा थर, मग जाड फेल्ट म्हणजे नमद्यासारखं कापड आणि तळाला मुळं रोखणारी शीट. शेततळ्याचा कागद पाहिलाय ना, त्याच जातीची. इथले विक्रेते या सगळ्याला 'पर्यावरणपूरक' म्हणतात, पण शीट शेवटी प्लास्टिकचीच. मला तरी ते चालतं. वर थर असला की तिला ऊन लागत नाही, तापणं-गार होणं कमी होतं आणि ती उघड्या शीटपेक्षा बरीच जास्त टिकते.

झाडांच्या बाबतीत मात्र जर्मनीची नक्कल नको. इथे सेडम लावतात, जाड पानांचं, बुटकं. त्याला बारा महिने थोडाथोडा पाऊस मिळतो. आपल्याकडे दिवाळीनंतर जूनपर्यंत ठणठणाट. त्यापेक्षा चिनी गुलाब लावा, कडेला कोरफड. पांडवलेणीच्या डोंगरावर खडकातल्या चिमूटभर मातीत जे गवत पावसात उगवतं आणि उन्हाळ्यात वाळतं, तेही चालेल. मामींना सांगा, एप्रिलमध्ये गच्ची पिवळी दिसणारच.

आणि हो, कोब्यावर काहीही टाकण्याआधी गच्चीची तोंडं बुजवून दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवा. खालच्या खोलीत ओल आली तर आधी वॉटरप्रूफिंग. वर थर चढल्यावर गळती कुठून होतेय हे शोधायला सगळं पुन्हा उपसावं लागतं.