संत्रा बर्फी, प्रयत्न दुसरा

मागच्या खेपेला उकळत्या दुधात संत्र्याचा रस ओतला आणि बर्फीऐवजी पनीर झालं. (घरच्यांनी अजून विसरू दिलेलं नाही!) आज मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलोरा येऊन उन्हाळ्याच्या तोंडावर तयार होणारी) ६ संत्री घेऊन बसले. बिया, पांढरे दोरे, फोडींवरचा पापुद्रा, सगळं काढलं. दोरे राहिले की कडवटपणा येतोच. तासभर त्यातच गेला. मग नुसता गर वाटीभर साखरेत घट्ट होईपर्यंत आटवला आणि मंद आचेवर पाव किलो खवा घातला. फाटला नाही बरं का! शेवटी चिमूटभर किसलेली साल. रंग दुकानातल्यासारखा केशरी नाही, फिकट पिवळाच आला. आई म्हणाली, "आपल्या नागपूरची वाटत नाही गं." आणि तिसरी वडी उचलली.