टाळ्या कधी वाजवायच्या हे आम्हाला शिकवणार?

इथे राहून बऱ्याच गोष्टी अंगवळणी पडल्या, पण प्रेक्षकांना हसायचं आणि टाळ्या वाजवायचं रीतसर ट्रेनिंग देतात हे परवा प्रत्यक्ष बघितलं आणि ते काही डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. मी आणि आत्या, आम्ही दोघी न्यूयॉर्कला स्टीफन कोल्बेरच्या 'लेट शो'च्या, म्हणजे रात्रीच्या विनोद आणि गप्पांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या, शूटिंगला गेलो होतो. आत्या दादरची, दिवाळीपर्यंत माझ्याकडे न्यू जर्सीत आहे. आयुष्यभर बँकेतली नोकरी आणि शनिवार-रविवार नाटक. शिवाजी मंदिरच्या बुकिंग खिडकीवरचा माणूस तिला चेहऱ्यानं ओळखायचा. अशा बाईला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापुढे उभं करून फोटो काढण्यापेक्षा इथलं हे दाखवावं असं मला वाटलं. आणि दुसरं कारण म्हणजे हा शो संपत आला होता. सीबीएस ह्या चॅनेलनं जुलै २०२५ मध्येच जाहीर केलं होतं की मे २०२६ मध्ये शो बंद. आता नाही तर मग कधी?

अशा शोजचं तिकीट फुकट असतं. ऑनलाइन नाव टाकायचं आणि वाट बघायची. पण फुकट म्हणून हुरळून जाऊ नका, कारण ह्या सगळ्याच शोजमध्ये जागांपेक्षा जास्त तिकिटं वाटतात आणि तिकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं की आत घेऊच असं नाही. फुकटचं तिकीट घेऊन बरेच जण येतच नाहीत, आणि कॅमेऱ्याला रिकामी खुर्ची दिसून चालत नाही, म्हणून ही व्यवस्था. मला कारण कळतं, पण पटत नाही. मागे एकदा दुसऱ्या एका शोच्या रांगेत (नाव लिहीत नाही) दुपारभर उभं राहून दारापाशी पोचल्यावर "फुल झालं" म्हणून परत पाठवलं होतं, एक शब्द सॉरीचा नाही, हातात पुढच्या वेळच्या कुपनाचा कागद. माझ्या पुढे एक जोडपं होतं, ओहायोहून गाडी चालवत आलेलं, त्यांनाही तेच. तेव्हा माझं डोकं जे फिरलं ते आजही त्या रस्त्यावरून जाताना फिरतं. आपल्याकडे नाटकाचं तिकीट म्हणजे सीट नंबर. के बारा म्हणजे के बारा, तिथे दुसरं कोणी बसलं असेल तर तो उठतो, कुरकुर करत का होईना पण उठतो. पैसे मोजलेत म्हणून नाही फक्त, तुम्हाला या म्हटलंय म्हणून. बोलावलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं ही कल्पनाच आपल्याला झेपत नाही, आणि ह्या बाबतीत आपण बरोबर आहोत आणि हे चूक आहेत, मला कोणी कितीही मॅनेजमेंट समजावलं तरी.

ह्या वेळी मात्र तसं काही झालं नाही, उलटच झालं. ब्रॉडवेवर ५३ आणि ५४ नंबरच्या गल्ल्यांच्या मध्ये एड सुलिव्हन थिएटर आहे, तिथे फुटपाथवर रांग. आयडी बघितले, मनगटावर पट्टा बांधला, मग उभे राहा. वारा सुटलेला, आत्या शालीत गुंडाळलेली. रांग सांभाळणारा एक पोरगा, असेल वीस-बावीसचा, दोनदा आमच्यावरून गेला आणि तिसऱ्यांदा थांबून आत्याला विचारलं की तुम्हाला बसायचंय का. ती नको नको म्हणत होती (आपली माणसं पहिल्यांदा नकोच म्हणतात) तर त्यानं आणखी काही न विचारता आतून खुर्ची आणून भिंतीच्या आडोशाला ठेवली. रांगेतल्या एकानेही तोंड वाकडं केलं नाही. मी आत्याला म्हटलं, बघ. तर म्हणाली, "अगं, आपल्याकडे मला खुर्ची आणायला सांगावं लागलं नसतं, चार जणांनी आपणहून उठून दिली असती." इथे कोणी बसलेलंच नव्हतं तर उठणार कोण, पण मी वाद घातला नाही.

आत गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे थिएटर केवढंसं आहे! टीव्हीवर अवाढव्य वाटतं. चारशेच्या आसपास खुर्च्या, बस्स. ही वास्तू १९२७ ची, हॅमरस्टीन्स थिएटर म्हणून बांधलेली, मग टीव्ही निवेदक एड सुलिव्हनचा शो इथून व्हायचा आणि ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकन टीव्हीवर पहिल्यांदा लाइव्ह गायले ते ह्याच स्टेजवर, सात कोटी तीस लाख लोकांनी बघितलं होतं. नंतर १९९३ पासून 'लेट शो', आधी डेव्हिड लेटरमनचा, २०१५ पासून कोल्बेरचा. वर घुमट आहे, तो कित्येक वर्षं यंत्रसामग्रीमागे झाकलेला होता, कोल्बेर आले तेव्हा नूतनीकरणात पुन्हा उघडा केला. आत्या मान वर करून तो बघत राहिली. जुनं थिएटर पाडून मॉल केला नाही ह्याबद्दल ह्या लोकांना मानलंच पाहिजे. आणि थंडी! आत बाहेरच्याइतकीच थंडी. लेटरमनच्या काळापासून हे थिएटर गार ठेवण्यासाठी प्रसिद्ध आहे, थंडीत प्रेक्षक जागा राहतो आणि हसतो म्हणे.

तर ट्रेनिंग. आधी लॉबीत एक मुलगी येऊन सांगते की मायक्रोफोन तुमच्या डोक्यावर टांगलेत, मनातल्या मनात हसलात तर आम्हाला त्याचा उपयोग नाही, मोठ्यानं हसा. टाळ्या जोरात, लांबपर्यंत. शिट्ट्या नकोत, मधेच ओरडून काही बोलायचं नाही. मग जागेवर बसल्यावर एक कॉमेडियन येतो, त्याचं काम फक्त शोच्या आधी आपल्याला तापवणं. तो लोकांशी गप्पा मारतो, कुठून आलात विचारतो, दोन-चार जणांना उभं करतो, आणि मग टाळ्यांचा सराव घेतो. सराव! एकदा, पुन्हा एकदा, ह्या बाजूचे कमी पडले म्हणून पुन्हा. स्टेज मॅनेजर हात वर करून गोल फिरवतो तोपर्यंत वाजवत राहायचं, मूठ मिटली की बंद.

मी वाजवत होते. आत्या हात मांडीवर ठेवून बसलेली. मी कोपरानं ढोसलं तर म्हणाली, "अजून त्यानं केलंय काय? मला हसू आलं की हसेन, टाळी वाजवावीशी वाटली की वाजवेन." आणि खरं सांगते, मलाही आतून तेच वाटत होतं. मराठी प्रेक्षकाला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही की इथे हसा. उलट चुकीच्या जागी एकानं हसलं तर बाकीचे मान वळवून बघतात. एंट्रीला टाळी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही हे आमच्या बाल्कनीतल्या माणसालाही कळतं. गंभीर प्रसंगानंतर दोन सेकंद शांतता आणि मग टाळी, हे शिकवून येत नाही, त्याला शंभर-दीडशे वर्षं नाटक बघावं लागतं. हे मी अभिमानानं लिहितेय आणि कोणाला भाबडा वाटला तरी मला चालेल.

मग बँड सुरू झाला. लुईस काटो आणि त्यांची मंडळी. टीव्हीवर आपल्याला पाच-सात सेकंदांचं म्युझिक ऐकू येतं, इथे ते अख्खं गाणं वाजवतात, लोक उभे राहून नाचतात, आणि तेव्हा मात्र आत्याचे पाय हलायला लागले. कोल्बेर शोच्या आधी स्वतः बाहेर आले, हे टीव्हीवर दाखवायचे नाहीत, आणि प्रेक्षकांचे प्रश्न घेतले, साधे घरगुती प्रश्नही. कसलीही घाई नाही. एवढा मोठा माणूस, त्याला काय गरज? आणि मग आत जाऊन पुन्हा 'खरी' एंट्री घेतली, धावत, सगळं थिएटर "स्टीफन, स्टीफन" करून दुमदुमलं. ह्या वेळी कोणाला शिकवायला लागलं नाही.

पुढचं मी आत्याच्या डोळ्यांनी बघितलं असं म्हटलं तरी चालेल. इथल्या राजकारणातली अर्धी नावं तिला माहीत नाहीत, त्यामुळे विनोद डोक्यावरून जात होते, पण ती विनोद बघतच नव्हती, ती माणूस बघत होती. थोड्या वेळानं माझ्या कानाशी म्हणाली, "ह्याला लाफ्टर घेता येतो." म्हणजे काय ते नाटकवाल्यांना सांगायला नको. हशा आला की वाक्य दाबून पुढे पळायचं नाही, हशा चढू द्यायचा, उतरायला लागला की अगदी त्या उतारावर पुढचं वाक्य टाकायचं. आणि हसू कमी आलं तर थांबायचं नाही, जणू तिथे विनोद नव्हताच असं पुढे जायचं. हे सगळं त्या चारशे माणसांच्या आवाजावर चालतं. आम्ही थंड बसलो असतो तर त्या माणसाची लय गेली असती आणि रात्री घरी बसून बघणाऱ्यांना तोच विनोद पडलेला वाटला असता. तेव्हा मला ते डोक्यावरचे मायक्रोफोन नीट कळले. प्रेक्षक इथे बघायला येत नाही, कामाला येतो, आणि बिनपगारी येतो. म्हणून फुकट तिकीट. टाळ्यांचा सराव मला आता मान्य आहे. हसण्याचा नाही. हसू मागून घ्यायची गोष्ट नाही आणि कोल्बेरसारख्या माणसाला ते मागायची गरजही नव्हती.

ब्रेकमध्ये बँड वाजतो, मेकअपवाली येऊन पफ लावून जाते, लिहिणारी माणसं कागद घेऊन टेबलाशी गोळा होतात, काहीतरी खोडतात, आणि वेळ झाली की एका क्षणात सगळे विंगेत. ही शिस्त बघून मी थक्क झाले. आणि मोबाइल! अख्ख्या कार्यक्रमात एकाचाही वाजला नाही. बंद करा सांगितलं, बंद केले. आपल्याकडे तिसऱ्या घंटेच्या आधी विनंती करून करून घसा बसतो, सुबोध भावेंनी २०१९ मध्ये वैतागून नाटक सोडायची भाषा केली होती ती ह्याच मोबाइलपायी. इथे मात्र मला आपली बाजू घेता येत नाही. ज्या प्रेक्षकाला टाळी कुठे द्यायची कळतं त्याच प्रेक्षकाला फोन बंद करता येत नाही, आणि वर तो उचलून "नाटकात आहे, नंतर करतो" सांगतो, ह्याचं मला खरंच दुःख होतं.

मोनोलॉगभर, म्हणजे कोल्बेरच्या सुरुवातीच्या एकट्याच्या बोलण्यात, राष्ट्राध्यक्ष ट्रम्पची टर उडवणं चालू होतं. आत्या म्हणाली, "आणि ह्याला कोणी काही करत नाही?" मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या विनोदावरून खारच्या हॅबिटॅट ह्या कॉमेडी क्लबची तोडफोड झाली ती तिला आठवली असणार, मला तर आठवलीच. पण मी तिला सांगितलं की आता इथेही तेवढं सरळ राहिलेलं नाही. सीबीएसच्या मालक कंपनीनं, पॅरामाउंटनं, ट्रम्पनी केलेल्या खटल्याच्या तडजोडीत एक कोटी साठ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, कोल्बेरनी शोमध्येच त्याला लाच म्हटलं, आणि दोन-तीन दिवसांत शो बंद करायची घोषणा. कंपनी म्हणते निर्णय निव्वळ आर्थिक. सप्टेंबर २०२५ मध्ये दुसऱ्या चॅनेलवरचा जिमी किमेलचा असाच शोही काही दिवस बंद ठेवला होता. ऑफिसात कोणी "तुमच्याकडे असं चालतं का" असं विचारलं की मी पूर्वी गप्प बसायचे, आता नाही बसत. वगात राजा-प्रधानाची खिल्ली उडवायची आपली रीत ह्यांच्या टीव्हीपेक्षा कितीतरी जुनी आहे, दादा कोंडके रंगमंचावर आयत्या वेळी पुढाऱ्यांवर कोट्या करायचे आणि थिएटर डोक्यावर घ्यायचे. आज ते तसं करू शकले असते का, हे मात्र कोणी विचारलं नाही तर बरं.

शेवटी पाहुणे गेल्यावर एक छोटा तुकडा पुन्हा शूट केला. तोच विनोद, तेच वाक्य, आणि आम्ही पुन्हा हसायचं. सगळे हसले, पहिल्यापेक्षा जोरात. रात्री ११:३५ ला आम्ही दोघी टीव्हीपुढे बसलो, तो तुकडा कुठे जोडलाय ते मला माहीत असूनही सापडला नाही. आत्याला ते अजिबात आवडलं नाही. तिचं म्हणणं, नाटकात चुकलं की चुकलं, त्याच्यासकट प्रयोग पुढे जातो, आणि त्याच विनोदावर दुसऱ्यांदा हसणं ही लबाडी. मी म्हटलं, "आत्या, तू एकेक नाटक पाच-पाच वेळा बघितलंस, आणि प्रत्येक वेळी त्याच वाक्याला हसलीस." तर म्हणते, "ते वेगळं. ते प्रेमानं."

मग काल ह्यावरून पुन्हा आमची जुंपली. माझं म्हणणं एवढंच की त्या थिएटरमधल्या प्रत्येकाला माहीत होतं की मे महिन्यानंतर इथे टाळी वाजवायला मिळणार नाही, आणि त्या दुसऱ्या हसण्याला त्यांना कोणी हात वर करून सांगितलेलं नव्हतं.