रिकामं बाकडंही लिहायचं: बेळगाव स्टँड, किल्ला तलाव आणि गणपत गल्लीच्या निरीक्षणवहीतली प्रगती

बेळगावचं बसस्टँड, किल्ला तलाव आणि गणपत गल्लीचा बाजार इथं माणसं कुठं बसतात, कुठं थांबतात, जागा कशी धरतात, हे आपण काही जण वहीत टिपतो. पावसाळ्यापूर्वीच्या तक्त्यात आपण फक्त माणसं मांडत होतो. कोण बसलंय, कोण उभं आहे, कोण टेकलंय. आता तक्त्यात एक रकाना वाढवला आहे: 'त्या वेळी रिकामं काय होतं'. या एका रकान्यानं सगळ्या नोंदी बोलक्या झाल्या. स्टँडवर एक माणूस खांबाला टेकून उभा आहे, एवढ्यावरून काहीच कळत नाही. चार पावलांवरचं बाकडं रिकामं असूनही तो खांबाशीच थांबला, हे लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. त्या बाकड्यावरून बस आत शिरताना दिसते का? बहुतेक वेळा दिसत नाही. माणसानं धरलेली जागा लिहाच, पण त्यानं सोडलेलीही लिहा.

पद्धत नव्यानं घालून घेतली आहे, ती नकाशापासून सांगतो. ग्राफपेपरवर १ सेंटिमीटरला १ मीटर धरलं तर ए-फोर कागदावर साधारण २० बाय २८ मीटरची जागा बसते. एका माणसाच्या नजरेला तेवढीच झेपते. टेप घेऊन गर्दीत फिरू नका. टेप दिसला की लोक सावरून बसतात, सरकतात, कुणीतरी 'रस्ता रुंद करायला आलासा काय?' म्हणून विचारतंच. एक फरशी मापून घ्या आणि पुढं फरश्या मोजा. फरशी नसेल तिथं पावलं मोजा, पण आधी आपल्या २० पावलांचं अंतर मोकळ्या जागेत मापून ठेवा. नकाशावर बाकडी, खांब, कठडे, नळ, कचऱ्याचा डबा, चार्जिंगचा पॉइंट, बस आत येण्याचं तोंड, चौकशीची खिडकी हे सगळं हवं. पंखे हमखास राहून जातात. एप्रिल-मेमध्ये कोण कुठं बसणार हे पंखा ठरवतो, आणि तो नकाशात नसेल तर नोंद उगाच गूढ वाटते.

खुणा पाचच ठेवल्या: ब, उ, टे, झो, सा. म्हणजे बसलेला, उभा, टेकलेला, झोपलेला आणि स्वतःच्या सामानावर बसलेला. 'टे' आणि 'उ' यांत दोन निरीक्षकांचं हमखास जुळत नाही. आता नियम असा: आधार काढला तर तोल जाईल तो टेकलेला, नुसता खांदा लागलेला असेल तो उभा. मांडीवरचं मूल माणूस म्हणून मोजायचं, जागा म्हणून नाही. पिशवी उलट: माणूस म्हणून नाही, जागा म्हणून मोजायची. दोघांनी एकच फेरी वेगवेगळी लिहावी आणि ताडून पाहावी. दहात एकाहून जास्त नोंदी चुकल्या तर डोळ्यांना दोष देऊ नका, व्याख्या पुन्हा लिहा.

फेरी दर १० मिनिटांनी. नेहमी डावीकडून उजवीकडे, आणि २ मिनिटांच्या आत संपवायची. नजर पुढं गेल्यावर मागच्या बाकड्यावर कुणी येऊन बसलं तरी मागं वळायचं नाही. वळलात की गजबजलेला कोपरा दोनदा मोजला जातो आणि शांत कोपरा आहे त्याहून शांत दिसतो.

येण्याजाण्याच्या मोजणीबद्दल जरा सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण नवे लोक इथंच फसतात. डेन्मार्कचे नगररचनाकार यान गेल यांच्या पद्धतीत तासातली १० मिनिटं मोजून ६ ने गुणतात. रस्त्यावर, तलावाकाठी हे चालतं. स्टँडवर अजिबात चालत नाही. तिथं माणसं एकसारखी वाहत नाहीत, गाडीबरोबर लोंढ्यानं येतात. तुमच्या १० मिनिटांत खानापूरच्या दोन गाड्या रिकाम्या झाल्या तर आकडा फुगतो, एकही आली नाही तर फलाट ओस दिसतो. स्टँडवर पूर्ण तास मोजा आणि प्रत्येक गाडी लागल्याची वेळ बाजूला लिहा. अंगठ्यानं दाबायचा काउंटर दोन हातांत दोन घ्या, एक आत येणाऱ्यांचा, एक बाहेर जाणाऱ्यांचा. नजर माणसांवर नाही, फरशीवरच्या एका रेघेवर ठेवायची. रेघ ओलांडली की दाबायचं.

फेऱ्यांच्या नोंदीत आणखी एक खोट आहे आणि ती कागदावर दिसत नाही. दर १० मिनिटांनी पाहिलं तर तासभर बसलेला आजोबा सहा वेळा सापडतो, पाच मिनिटं टेकून गेलेला कॉलेजचा मुलगा निम्म्या वेळा सुटतो. म्हणून तक्ता पाहून किल्ला तलाव म्हणजे निवृत्तांचीच जागा असं वाटू लागतं. खरं तर ती लांब बसणाऱ्यांची गणती असते. उपाय दोन. एखादंच बाकडं निवडून प्रत्येकाची बसण्याची आणि उठण्याची वेळ लिहा. किंवा सोपा हिशेब करा: एका वेळी सरासरी किती बसलेले, भागिले तासाला किती नवे येतात. समजा, फेऱ्यांमध्ये सरासरी ५ जण बसलेले दिसले आणि तासाभरात ३० नवे येऊन बसले, तर ५ भागिले ३० म्हणजे तासाचा सहावा भाग, सरासरी १० मिनिटांची बैठक. गर्दी एका पातळीवर टिकून असेल त्याच तासाला हा हिशेब लावा. संध्याकाळी माणसं वाढत असताना लावला तर उत्तर चुकतं.

आता स्टँड. सीमाभागातल्या स्टँडवर 'सोडलेली जागा' हा रकाना बसगाड्यांनाही लावावा लागतो. निपाणीला जाणारी बाई कोल्हापूरची गाडी समोर लागलेली असताना, आत जागा दिसत असताना, ती सोडून उभी राहते. नवख्या निरीक्षकाला वाटतं तिला पाटी वाचता आली नाही. कारण तिकिटात आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या गाड्यांतून राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे. आंतरराज्य गाड्यांना तो लागू नाही. महाराष्ट्राच्या लाल गाडीतली महिलांची निम्म्या भाड्याची सवलत मार्च २०२३ पासूनची, तीही महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. त्यामुळं त्याच रस्त्यानं जाणारी कोल्हापूर गाडी तिच्या हिशेबात वेगळी आणि निपाणी गाडी वेगळी. फलाटावरचं थांबणं समजायचं तर तिकिटाचे नियम निरीक्षणाआधी पाठ हवेत.

गाडी लागताना जागा धरण्याची जी झटापट होते, तिच्यासाठी वेगळं पान केलं आहे. तीन प्रकार ठळक दिसतात. पहिला, खिडकीतून रुमाल, टोपी किंवा पिशवी टाकणं. दुसरा, आत चढलेल्या सोबत्यानं शेजारी हात पसरून ठेवणं. तिसरा, खिडकीशी बसलेल्या अनोळखी बाईला 'अक्का, एक जागा धरा की' म्हणणं. प्रत्येकाच्या दोन वेळा लिहा: जागा धरल्याची आणि प्रत्यक्ष बसल्याची. शिवाय मध्ये कुणी हरकत घेतली का आणि शेवट काय झाला. रुमालाचा हक्क रुमालावरून ठरत नाही, तो टाकताना किती जणांनी पाहिलं यावरून ठरतो. गर्दीत सगळ्यांदेखत पडलेला रुमाल लोक उचलून मांडीवर घेतात आणि मालक आला की उठतात. रिकाम्या गाडीत कुणाच्या नकळत पडलेला रुमाल खिडकीच्या गजावर जाऊन बसतो. अनोळखी अक्काला सांगितलेली जागा मात्र फार टिकते, कारण तिथं राखण आहे. ती अक्का स्वतःच्या जागेसाठी भांडणार नाही इतकी त्या जागेसाठी भांडते. हे पाहताना मन भरून येतं, आणि तेव्हाच वेळ लिहायची राहते. म्हणून एकानं पाहायचं, दुसऱ्यानं लिहायचं.

अंतरांची नोंद करणाऱ्यांसाठी. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली मांडलेली दोन माणसांमधली अंतरं सगळ्यांना पाठ असतात: ४५ सेंटिमीटरपर्यंत जवळिकीचं, तिथून १.२ मीटरपर्यंत वैयक्तिक, मग ३.६ मीटरपर्यंत सामाजिक. ती अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याकडच्या मध्यमवर्गीयांवरून काढलेली होती आणि सगळ्या जगाला लावू नका असं हॉल यांनीच बजावलं होतं. आपल्याकडं दीड मीटरच्या बाकड्यावर माणशी ४५-५० सेंटिमीटर धरले तर तिघं बसतात. पहिले दोघं टोकं धरतात. मधल्या जागेचं काय होतं, तेच पाहण्यासारखं. तिसरा माणूस जवळ येऊ लागल्यावर मधली पिशवी कधी उचलली जाते, ते टिपा: तो विचारण्याआधी, विचारल्यावर, की उचललीच जात नाही. पिशवी आधीच उचलली गेली तर बोलणं होत नाही. 'जरा सरकता काय ओ?' म्हणावं लागलं तर त्यापाठोपाठ 'कुठल्या गावचं?' येतं आणि मग गप्पा सुरू. म्हणजे पिशवी उशिरा हलली तिथं ओळख जास्त होते. ही नोंद अजून थोड्याच बाकड्यांची आहे. आणखी हातांची गरज आहे.

अनोळखी माणसाला साद घालताना तोंडून पहिलं काय निघतं, याचाही रकाना ठेवला आहे. मराठी, कन्नड, हिंदी, किंवा नुसतं गावाचं नाव: 'चिक्कोडी?', 'खानापूर?'. जे ऐकू आलं तेच लिहा. चेहऱ्यावरून, कपड्यांवरून भाषा, जात, धर्म लिहिणारा तक्ता आम्ही वहीत घेत नाही.

किल्ला तलावाकडं आणि गावोगावच्या पारांकडं सावलीचा हिशेब कामाला येतो. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळं ४ मे आणि ८ ऑगस्टच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. घड्याळात ही वेळ बाराची नाही, साडेबाराच्या आसपासची. त्या दिवसांत झाडाची सावली फांद्यांच्या बरोबर खालीच पडते, फांद्यांबाहेरच्या बाकड्याला तिचा उपयोग नाही. डिसेंबरात उलट: १० फुटी खांबाची दुपारची सावली उत्तरेला सुमारे ८ फूट जाते, आणि सकाळी थंडीत लोक सावली सोडून उन्हाचंच बाकडं धरतात. म्हणून प्रत्येक फेरीत बाकड्यापुढं 'ऊ' किंवा 'सा.' अशी खूण हवीच ('सा' सामानासाठी आहे, सावलीला टिंब द्या). एरवी मे महिन्यातलं रिकामं बाकडं पाहून 'लोकांना ही जागा आवडत नाही' असा निष्कर्ष निघतो. जागा चांगली असते, ती उन्हात असते.

पारांची मापं घेताना उंची, खोली आणि आकार तिन्ही घ्या. शहरातल्या मोकळ्या जागांचे अमेरिकन अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत चित्रीकरण करून पाहिलं, तेव्हा १ ते ३ फूट उंचीवर लोक बसतात आणि दोन्ही बाजूंनी बसायचं तर कट्टा किमान ३० इंच खोल हवा असं त्यांना आढळलं. १९७५ साली त्या शहराच्या नियमात दर ३० चौरस फूट मोकळ्या जागेमागं १ फूट लांबीची बैठक आली. आपल्या देवळापुढची ३० बाय ४० फुटांची जागा या हिशेबानं ४० फूट बैठक मागते. ८ फूट व्यासाचा गोल पार जेमतेम २५ फूट देतो. शिवाय गोल पारावर सगळे बाहेर तोंड करून बसतात, शेजाऱ्याशी बोलायचं तर मान वळवावी लागते. चौकोनी पाराच्या कोपऱ्यावर दोघांचे गुडघे एकमेकांकडं वळतात आणि गप्पा तिथं लांबतात. कोपऱ्यांची नोंद वेगळ्या रंगात करा.

गणपत गल्लीत बसण्याची सोय नाही, तिथं चालणं पाहायचं. दुकानांच्या दोन पायऱ्यांमध्ये १० मीटर अंतर धरा आणि ते ओलांडायला लागलेली वेळ स्टॉपवॉचनं घ्या. मोकळ्या गल्लीत एकटा माणूस ७-८ सेकंदांत जातो. सणापूर्वीच्या गर्दीत गती काढणं व्यर्थ आहे, कारण लोक चालत नसतात, सरकत असतात. तेव्हा थांबणं मोजा. दोन ओळखीचे भेटले की बाजूला होतील असं वाटतं, पण ते भर रस्त्यातच उभे राहतात. व्हाइट यांनाही न्यूयॉर्कच्या गर्दीच्या कोपऱ्यावर हेच दिसलं होतं. वाटेच्या मधोमध थांबलं की दोघांनाही कधीही निघता येतं, कडेला गेलं की बैठक मारल्यासारखं होतं, हा आमचा अंदाज. तपासण्यासाठी बोलणं किती वेळ चाललं ते मध्ये थांबलेल्यांचं आणि कडेला थांबलेल्यांचं वेगवेगळं लिहायला घेतलं आहे.

पावसातल्या नोंदींसाठी एक सूचना. दुकानाचा छज्जा ३ फूट असला तरी वाऱ्याबरोबर तिरपा पाऊस आला की कोरडी पट्टी निम्मीसुद्धा उरत नाही. नकाशावर छज्ज्याची कडा न काढता ओल्या फरशीची रेघ काढा, आणि ती प्रत्येक फेरीत बदला. पाऊस कमी झाल्यावर पहिला माणूस कधी निघाला आणि त्याच्यामागं अर्ध्या मिनिटात किती निघाले, हे दोन आकडे पुरेत.

चेहऱ्यांचे फोटो नकोत, नावं नकोत, गाडीचे नंबर नकोत, कुणाच्या मागं जायचं नाही. शाळांची फाटकं आणि बायकांची प्रतीक्षागृहं यादीतून काढली आहेत. कुणी विचारलं तर तक्ता उघडून दाखवा. खुणा पाहिल्या की लोक निश्चिंत होतात आणि पुष्कळदा स्वतःच सांगतात की अमुक बाकडं का रिकामं राहतं, तिथं गळतं किंवा मुंग्या आहेत. ती माहिती वेगळ्या शाईनं लिहा, ती निरीक्षण नाही, साक्ष आहे.

पुढचं काम निपाणीच्या स्टँडवर. तिथं कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडच्या गाड्या येतात, म्हणून 'सोडलेली बस' हा रकाना तिथं नीट तपासता येईल. फलाटाचा नकाशा आधी, मग आठवडी बाजाराचा एक दिवस आणि एक साधा दिवस, सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ७. जोडीनं या, जोडीत शक्यतो एक बाई असू द्या, म्हणजे बायकांच्या बाजूच्या बाकड्यांची फेरी लांबून अंदाजानं लिहावी लागणार नाही. सोबत ग्राफपेपर, दोन रंगांची पेनं, दोन काउंटर आणि कागद भिजू नये म्हणून प्लास्टिकची फाइल.