डर्टी डेव्हिल ते ब्राइस: दक्षिण युटाच्या वाटा आणि तिथली नावं

दक्षिण युटा म्हटलं की बहुतेक मंडळी आर्चेस किंवा झायन ही राष्ट्रीय उद्यानं गाठतात. मधला पट्टा त्या मानाने रिकामा राहतो. हायवे २४ आणि त्याला टॉरी गावात मिळणारा हायवे १२, एवढ्या दोन रस्त्यांवर हा पट्टा नीट बघून होतो. आम्ही डेन्व्हरच्या बाजूने आलो. ग्रीन रिव्हर गावाच्या पुढे इंटरस्टेट ७० सोडला आणि हँक्सव्हिल, कॅपिटल रीफ, बोल्डर, एस्कलान्टे करत ब्राइसला पोचलो.

या मुलखाला नावं ठेवणारे मुख्यतः तीन प्रकारचे लोक होते: सरकारी मोजणीदार, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे वसाहतवाले आणि गुरं राखणारे. मोजणीदारांनी दूरच्या मोठ्या माणसांची नावं दिली. वसाहतवाल्यांनी स्वतःची दिली, नाहीतर आशेची. गुराख्यांनी मात्र जे दिसलं, जे सोसलं तेच नाव म्हणून ठेवलं. पायी हिंडणाऱ्याने या तिसऱ्यांवर जास्त भरवसा ठेवावा असं माझं मत झालंय.

वाटेत गॉब्लिन व्हॅली लागते. मातकट दगडांची बुटकी, फुगीर डोकी शेकड्यांनी उभी आहेत आणि मुलं त्यांच्यात लपाछपी खेळत सुटतात. आर्थर चॅफिन या नावाड्याने (कोलोरॅडो नदीवर हाइट इथे त्याची फेरीबोट चाले) १९४० च्या दशकाच्या शेवटी तिथले फोटो काढले, तेव्हा त्याने तिला मश्रूम व्हॅली म्हटलं होतं. १९६४ मध्ये स्टेट पार्क झाला तो गॉब्लिन (बुटकं भूत) नावाने. हा राज्याचा पार्क आहे, त्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालत नाही.

हँक्सव्हिलचं जुनं नाव ग्रेव्ह्ज व्हॅली. पुढे एबेनेझर हँक्स या वसाहतवाल्याचं नाव लागलं. इथला पेट्रोलपंप बघण्यासारखा आहे, कारण त्याचं दुकान डोंगराच्या पोटात सुरुंग लावून कोरलंय. दरवाजातून आत गेलं की चिप्स-बिस्किटांच्या मांडण्यांमागे सरळ खडबडीत तांबडा दगड. टाकी इथेच भरून घ्या. ग्रीन रिव्हर ते इथवर पंप नाही आणि पुढे थेट टॉरीचा धरून चालावं. शाकाहारी असाल तर डबा बरोबर हवाच, नाहीतर दोन वेळा फ्रेंच फ्राइजवर काढाव्या लागतील.

गावाजवळ फ्रीमाँट नदी आणि मडी क्रीक एकत्र येतात आणि पुढे त्यांना डर्टी डेव्हिल म्हणतात. १८६९ च्या जुलैअखेरीस शोधमोहिमेवर निघालेल्या जॉन वेस्ली पॉवेलच्या नावा कोलोरॅडोतून या नदीच्या मुखाशी आल्या. ट्राउट मासे मिळतील का, असं मागच्या नावेतून कुणीतरी विचारलं. पुढच्याने तो गढूळ, वास मारणारा प्रवाह पाहून वैतागाने शिवी हासडली आणि तीच नकाशावर चढली. नावं ठेवणं म्हणतात ते हेच! (पुढे ग्रँड कॅन्यनमध्ये स्वच्छ ओढा लागल्यावर पॉवेलने त्याला ब्राइट एंजल म्हणून उट्टं काढलं.) रस्त्याच्या दक्षिणेला निळसर दिसतात त्या हेन्री माउंटन्स. अलास्का सोडून अमेरिकेतली सगळ्यात शेवटी नकाशावर आलेली ही डोंगररांग. नाव स्मिथसोनियनचे सचिव जोसेफ हेन्री यांचं. माझा मेव्हणा इलेक्ट्रिकलवाला. इंडक्टन्सचं एकक ज्यांच्या नावाने तेच हे, हे कळल्यावर तो गाडी थांबवून फोटो काढत बसला.

कॅपिटल रीफमध्ये आम्ही सर्वांत जास्त रमलो. वॉटरपॉकेट फोल्ड ही जवळजवळ शंभर मैल लांब खडकाची घडी आहे. तिने गाड्या-घोड्यांची वाट अडवली म्हणून ती रीफ, समुद्रातल्या खडकासारखी. आणि वरचे पांढरे घुमट वॉशिंग्टनच्या संसदभवनासारखे म्हणून कॅपिटल. वॉटरपॉकेट म्हणजे खडकातले खळगे, पावसाचं पाणी धरून ठेवणारे. असे खळगे बघायचे तर कॅपिटल गॉर्जच्या वाटेने टँक्सपर्यंत जा. ही दरी म्हणजे १९६२ पर्यंतचा मुख्य रस्ता होता, आणि दर पुरानंतर लोक दगड बाजूला करून तो पुन्हा मोकळा करत. भिंतीवर १८७१ पासूनच्या वाटसरूंची नावं कोरलेली आहेत. त्यांच्या शेजारी आजच्या दीडशहाण्यांनीही आपली खरडलीत. तसं करणं गुन्हा आहे, मुलांना आधीच सांगून ठेवा.

नावात वॉश किंवा गॉर्ज दिसलं की आभाळाकडे बघा. वॉश म्हणजे एरवी कोरडं असलेलं ओढ्याचं पात्र. जुलै ते सप्टेंबरमध्ये दूर कुठेतरी पाऊस कोसळतो आणि इथे लख्ख उन्हात लोंढा येतो. उद्यानाच्या केंद्रात त्या दिवशीचा पुराचा अंदाज लावलेला असतो. तो वाचल्याशिवाय ग्रँड वॉश किंवा कॅपिटल गॉर्जमध्ये शिरू नये.

फ्रूटा हे उद्यानातलं जुनं गाव. आधी जंक्शन म्हणत, मग फळबागांमुळे १९०० च्या सुमारास फ्रूटा झालं. एका वेळी दहाच्या वर कुटुंबं इथे कधी नव्हती. गाव उठलं तरी बागा उद्यानाने जपल्यात: जूनमध्ये चेरी, पुढे जर्दाळू, ऑगस्टमध्ये पीच, सप्टेंबरपासून सफरचंदं. तोडणीसाठी उघडी अशी पाटी असेल त्या बागेत झाडाखाली बसून फुकट खा. घरी न्यायची तर वजन करून पैसे पेटीत टाका, म्हणून सुटे डॉलर ठेवा. गिफर्ड हाउसमधले फळांचे ‘पाय’ (फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) सकाळी लवकर घ्या.

कॅम्पग्राउंडसमोरून कोहॅब कॅन्यनची चढण सुरू होते. सुरुवात छातीवर येते, मग दरी एकदम आडोशाची. १८८२ च्या कायद्याने एकाहून जास्त बायका करणाऱ्यांवर खटले सुरू झाले आणि अशा पुरुषांना कोहॅब म्हणू लागले. मार्शल (सरकारी अंमलदार) आले की ते इथे दडत, अशी गावकऱ्यांची गोष्ट आहे. खरी असो-नसो, खालून ही दरी अजिबात दिसत नाही एवढं नक्की.

हायवे २४ च्या कडेलाच कातळचित्रं आहेत: खांदे रुंद, कंबर निमुळती, डोक्यावर शिरोभूषण अशी माणसं आणि शेजारी रानमेंढ्यांची रांग. ही कोरणाऱ्यांना पुरातत्त्ववाले फ्रीमाँट म्हणतात. नदीला नाव मिळालं १८५३-५४ च्या हिवाळ्यात या भागातून गेलेल्या शोधक जॉन फ्रीमाँटचं, आणि १९३१ मध्ये नदीवरून ते या लोकांना चिकटलं. साधारण १३०० पर्यंत इथे राहिलेल्यांना साडेपाच शतकांनंतरच्या परक्याचं नाव! मूलनिवासी होपी लोक त्यांना हिसात्सिनोम म्हणतात. माहितीफलक वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

टॉरीहून हायवे १२ बोल्डर माउंटनवर जवळजवळ ९,६०० फुटांवर चढतो. हा तुकडा १९८५ मध्ये डांबरी झाला. त्याआधी १९३० च्या दशकातही बोल्डर गावचं टपाल खेचरांवरून येई आणि त्या वाटेवर डेथ हॉलो लागे. गुरं कड्यावरून पडून मरत म्हणून हे नाव. जुनी टपालवाट आता ट्रेक आहे, पण तळाशी पॉयझन आयव्ही (अंगाला खाज आणणारी वेल) माजलीय. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

त्यापेक्षा काफ क्रीक करा. दूध तोडलेली वासरं या बंद टोकाच्या दरीत आणून सोडत, तोंडाशी कुंपण घातलं की झालं. नाव खरं बोलतं: बारमाही पाणी आणि हिरवळ. जाऊन-येऊन सुमारे सहा मैल, बरंचसं मऊ वाळूतून, शेवटी १२६ फुटांचा धबधबा. पार्किंग लवकर भरतं. आठच्या आत पोचा आणि माणशी तीन-चार लिटर पाणी घ्या.

एस्कलान्टे गावाचं जुनं नाव पोटॅटो व्हॅली, इथल्या रानबटाट्यांमुळे. जवळच्या एका कातळनिवाऱ्यातल्या दगडी अवजारांवर १०,००० वर्षांहून जुने बटाट्याच्या स्टार्चचे कण सापडलेत. म्हणजे पहिलं नाव चोख होतं. १८७२ मध्ये पॉवेलच्या मोजणीतल्या थॉम्पसनने नदीला १७७६ च्या स्पॅनिश पाद्र्याचं नाव दिलं, ज्याने ती नदी कधी पाहिलीच नव्हती. पंपावर विचारताना शेवटचा ‘ए’ गिळून ‘एस्कलान्ट’ म्हणा, स्थानिक तसंच म्हणतात.

ब्राइस म्हणजे एबेनेझर ब्राइस, स्कॉटलंडहून आलेला सुतार. १८७० च्या दशकात पायथ्याशी राहिला, १८८० मध्ये ॲरिझोनाला निघून गेला. गाय हरवायला भारी वाईट जागा, एवढंच तो म्हणायचा असं सांगतात. मूलनिवासी पायूट लोकांच्या कथेत ब्राइसचे दगडी सुळके म्हणजे कोयोटीने (कोल्ह्यासारखा प्राणी) दगड करून टाकलेली माणसं. सूर्योदय बघायचा असेल तर मे महिन्यातही जाड जॅकेट लागतं, कारण कडा ८,००० फुटांच्या वर आहे. आणि एस्कलान्टेहून इथवरचा रस्ता उजेडातच उरका, अंधार पडला की हरणं आणि मोकाट गुरं मधोमध उभी असतात.